शंभुलिंग बसले आहेत

माझं बसणं कमी व्हावं, एवढीच घरच्यांची इच्छा होती. त्यापायी पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ येईल हे आधी कळलं असतं, तर मी जन्मभर उभा राहिलो असतो.

बसण्यात मी तसा कुणाला हार जाणारा माणूस नाही. लोहाऱ्यात एका सरकारी कार्यालयात मी अव्वल कारकून आहे. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यानं कार्यालयाची शोभा काही वाढलेली नाही. दिवसभर तिथं खुर्चीत बसायचं, घरी येऊन पलंगावर बसायचं आणि मोबाईल उघडायचा, हा माझा नेम. कुणाला कशाचा नाद असतो, मला लोकांना कामं करताना बघायचा नाद आहे. विहिरीतला गाळ काढणारे, गंजलेला ट्रॅक्टर घासून चालू करणारे, एकट्यानं डोंगरात घर बांधणारे, असले व्हिडिओ बघताना माझी तहानभूक हरपते. बघून बघून मी इतका दमतो की जागचं उठवत नाही.

"दुसऱ्याच्या विहिरीचा गाळ उपसताय रोज," महानंदा म्हणायची, "आपल्या घरची मोरी तुंबलीय ती कुणी काढायची?" महानंदा म्हणजे माझी बायको. तिच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, एवढं मी संसारात शिकलोय.

शेवटी पोट पँटच्या पट्ट्याला जुमानेना, तेव्हा आमच्या शिवप्रियानं मला डॉक्टरकडं नेलं. आमची ही एकुलती एक पोर, एम.एस्सी. झालेली, आणि बापाला धाकात ठेवणारी. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "लिव्हरवर चरबी आहे, अण्णा. बसणं कमी करा. हे सगळं बसण्यानं झालंय."

डॉक्टर सज्जन माणूस. पण हेच शब्द पुढं गल्लीभर हिंडले, म्हणून मुद्दाम सांगून ठेवतो.

शिवप्रियानं घरी आल्या आल्या माझ्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकलं. माणूस बराच वेळ एका जागी बसला की ते अ‍ॅप बोलतं. कंपनी कुठल्या देशातली देव जाणे, पण मराठी बोलणारी बाई त्यांनी आत बसवली होती. त्या बाईचं मराठी अगदी शुद्ध होतं, फक्त तिला मराठी येत नव्हतं. अ‍ॅपचं नाव होतं 'चळवळ'. अंगाची हालचाल व्हावी म्हणून कुणीतरी यंत्राला विचारून ठेवलेलं नाव.

पहिला हिसका कार्यालयात बसला. त्या दिवशी बाहेर पीकविम्याचा मोर्चा आला होता आणि साहेबांच्या केबिनमध्ये निवेदन घेणं चालू होतं. मी फाईल धरून शेजारी उभा. तेवढ्यात माझ्या खिशातून बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "अभिनंदन! शंभुलिंग, आपण आज चळवळीत सक्रिय आहात."

मोर्चेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर माझा हात हातात घेतला. साहेबांनी मात्र ते लोक गेल्यावर दार लावून घेतलं. "सरकारी नोकरानं चळवळीत भाग घेणं नियमात बसत नाही," ते म्हणाले. "लेखी खुलासा द्या."

मी खुलासा दिला. 'सदरची चळवळ ही राजकीय स्वरूपाची नसून निव्वळ शारीरिक स्वरूपाची आहे,' असं लिहिलं. ते वाचून साहेब जास्तच घाबरले. त्यांना वाटलं, आता हे लोक मारामाऱ्या करणार. शेवटी मी मोबाईलच त्यांच्या टेबलावर ठेवला आणि अ‍ॅप उघडून दाखवायला लागलो. साहेबांच्या बदलीची कुजबुज तेव्हा जिल्हाभर चालू होती. नेमकं त्याच वेळी बाईनं तोंड उघडलं. "आपण फार वेळ या खुर्चीत आहात. कृपया खुर्ची सोडा."

त्या दिवसापासून कार्यालयात माझा मोबाईल बंद ठेवण्याचा तोंडी हुकूम झाला. म्हणजे दिवसभर मी कितीही बसलो तरी बाईला पत्ता नाही, आणि संध्याकाळी घरी येऊन बसलो की तिला तेवढंच दिसायचं.

एवढ्यावर भागलं असतं. पण मी बाईला दाद देत नाही, ती बोलली की मोबाईल उशीखाली घालतो, हे शिवप्रियाच्या ध्यानात आलं. त्या अ‍ॅपमध्ये 'सोबती' जोडायची सोय होती. सोबत्यांपैकी कुणीही बसलं की बाकी सगळ्यांच्या मोबाईलवर बाई चहाडी करणार. पोरीनं आपला आणि आईचा मोबाईल जोडला, तो एक घरचा मामला झाला. पण शेजारच्या अमरनाथ गुरुजींनाही जोडलं, आणि चौकातल्या बजरंगलाही. गुरुजी निवृत्त शिक्षक, त्यांना कुणाला तरी उठवायचं काम हवंच होतं. बजरंगची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या धडधडीत काही ऐकू येत नाही म्हणून त्यानं आपला मोबाईल गाण्यांच्या मोठ्या भोंग्याला जोडलेला. आता रोज संध्याकाळी दळण घेऊन आलेल्या बायाबापड्यांसमोर, ज्वारीच्या पिठाच्या धुरळ्यातून, अख्ख्या चौकात घोषणा व्हायला लागली. "शंभुलिंग बसले आहेत. त्यांना उठवा."

मग लोक उठवायला यायचे. बजरंग पिठानं पांढरा झालेला तसाच दारात. "उठा अण्णा, भोंगा वाजला." गुरुजी यायचे, मला उठवायचे, माझ्याच जागेवर बसायचे आणि चालण्याचे फायदे सांगायचे. ते इतका वेळ सांगायचे की बाई त्यांचंही नाव घ्यायची. मग बजरंग गिरणी बंद करून दुसरी खेप घालायचा.

सगळ्यांची नावं आली, फक्त महानंदाचं नाव एकदाही आलं नाही. तिचा मोबाईल सदानकदा तिच्या कमरेच्या पिशवीत असायचा, पण बाई तिच्याबद्दल गप्प. आम्हाला वाटलं मोबाईल बिघडला. मी तो दुकानात नेऊन तपासून आणला. दुकानदार म्हणाला, फोन चांगला आहे, वहिनीच बसत नसतील. मी हसलो आणि घरी आलो.

गावात मात्र माझ्याकडं बघायची नजर बदलली होती. गिरणीवर बाया महानंदाला म्हणायच्या, "सोसतीय गं माय." एसटी स्टँडवर एक ओळख ना पाळख असलेला इसम जवळ आला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "अण्णा, एकटंच बसता म्हणं रोज. कधी आमालाबी बोलवा की."

"या ना," मी म्हटलं. "जागा भरपूर आहे. पलंग मोठा आहे."

तो लई खूश झाला.

याच दिवसांत शिवप्रियाला जळकोटचं स्थळ आलं होतं. चन्नबसप्पांचा मुलगा गौरीशंकर, हमरस्त्यावर बी-बियाण्यांचं दुकान, घरची शेती. पाहण्याचा कार्यक्रम झाला. याआधीची स्थळं पोरीनं एकेका वाक्यात मोडीत काढली होती. हे पाहुणे गेल्यावर मात्र ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "अप्पा, जळकोट इथून लई लांब नाही ना?" जळकोटला ती वर्षातून चारदा जाते. महानंदानं माझ्याकडं बघितलं, मी महानंदाकडं बघितलं, आणि आम्ही दोघांनी मनातल्या मनात अक्षता टाकल्या. आता फक्त बैठक व्हायची राहिली होती. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून सगळं ठरवतात ती बैठक. पण बैठकीआधी मुलाकडचे चौकशी करतात, न सांगता, गुपचूप, आणि तीही ज्याला काही ठाऊक नसतं त्याच्याकडं.

मुलाचे मामा सिद्धाराम जीपनं आले आणि चौकात उतरून थेट गिरणीत शिरले. ते गेल्यावर बजरंग धावत माझ्याकडं आला. आनंदानं फुललेला.

"अण्णा, म्या तुमची लई तारीफ केली! ते म्हणले, माणूस कसा हाय? म्या म्हणलं, देवमाणूस. फकस्त बसायचा नाद हाय. ते म्हणले, बसतेत? म्या म्हणलं, आदी लई बसायचे, हापिसातनं आले की बसलेच, डागतरनं लिवर दावल्यावर जरा कमी केलंय. ते म्हणले, घरी बसतेत का भायेर? म्या म्हणलं, छ्या, भायेर कशाला? घरीच, पलंगावर, एकटेच, कुणाला तरास न्हाय."

"आणि घरच्यांचं काही विचारलं?"

"विचारलं की! म्या म्हणलं, पोरगी लई गुणाची. बापाचं बसणं सुटावं म्हणून तिनंच मोबाईलमंदी यंत्र टाकलंय. अण्णा बसले की आमी गल्लीवाले जातो आन् काखंत हात घालून उठवून आणतो. तेवढ्यात भोंगाबी वाजला बगा. पाहुण्यांनी हातच जोडले."

शेजारी असावेत तर असे. माझा ऊर भरून आला. मी बजरंगला साखर जास्तीची घालून चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सिद्धारामांचा फोन आला. आवाज जड होता.

"पाहुणे, राग मानू नका. पण आमच्या घरात कुणी बसत न्हाय."

मला नवल वाटलं. "कुणीच नाही?"

"कुणीच न्हाय. सणासुदीलासुदीक न्हाय."

"जेवताना तरी बसत असाल की."

"जेवताना?" सिद्धाराम केवढ्यानं तरी ओरडले. "तुमी जेवतानाबी बसता?"

"जेवताना, जेवणाआधी, जेवण झाल्यावर," मी म्हटलं. पोरीच्या सासरी काही लपवून ठेवू नये, असं माझं मत आहे. "पण आता पुष्कळ कमी केलंय. सकाळी उठल्या उठल्या बसायचो ते तर बंदच केलं."

मग त्यांनी विचारलं, "आन् लग्नात?"

"लग्नात बसावंच लागतं. मुलीचा बाप मी. लग्न लावणारे आमचे जंगमस्वामी स्वतः हाताला धरून बसवतात, त्यांच्या शेजारीच बसायचं असतं."

फोन कट झाला. मी महानंदाला म्हटलं, "विचित्र लोक आहेत. दिवसभर उभे असतात म्हणे." महानंदा हातात लाटणं घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा लाटण्यावरच्या पिठासारखा झाला होता.

"अहो," ती म्हणाली, "गडीमाणूस संध्याकाळचा बसतो म्हणजे काय करतो, ठाऊक हाय का तुमाला?" आणि तिनं मूठ वळून अंगठा ओठांकडं नेला.

तेव्हा मला स्टँडवरचा इसम आठवला. गिरणीवरच्या बाया आठवल्या. डॉक्टरांचं लिव्हर आठवलं. ज्या माणसानं आयुष्यात सोड्याची बाटलीसुद्धा शंकेनं हुंगून प्यायली, तो लोहारा तालुक्यात नामांकित बेवडा झाला होता, आणि तेही स्वतःच्या तोंडानं कबूल करून. मी मटकन पलंगावर बसलो तो बसलोच. थोड्या वेळानं चौकातून भोंगा वाजला. "शंभुलिंग बसले आहेत. त्यांना उठवा."

शिवप्रिया रडली नाही, हेच मला लागलं. "तुमची काय चूक आहे त्यात, अप्पा," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं घासलेली भांडी पुन्हा घासली आणि ताटातली भाकरी तशीच झाकून ठेवली. मला फार वाईट वाटलं. दारूचा आळ मी सहन केला असता, पण पोरीनं झाकून ठेवलेली ती भाकरी मला बघवेना.

मग सल्ले सुरू झाले. गुरुजींचं म्हणणं, हल्ली कागदाशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही, दाखला काढा. मी सरकारी माणूस, मला हे पटलं. एका खिडकीवर गेलो. तिथला बाबू म्हणाला, "रहिवासी दाखला मिळंल, हयातीचा मिळंल. न पिण्याचा नमुना आलेला न्हाय वरून." दुसऱ्या खिडकीवरचा म्हणाला, "पिऊन काही गोंधळ घातला असता तर नोंद दिली असती. तुम्ही काहीच केलं नाही, तर नोंद कशाची देऊ?" इतकी वर्षं मी हीच उत्तरं लोकांना देत आलोय, पण ऐकायला ती इतकी टोचतात हे ठाऊक नव्हतं.

"डॉक्टरचा रिपोर्ट हाय की!" गुरुजी म्हणाले. त्यांनी तो कागद उघडला आणि आनंदानं मांडीवर थाप मारली. कागदावर इंग्रजीत स्वच्छ छापलं होतं, 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर'. म्हणजे लिव्हरला चरबी आहे, पण दारूची नाही. याहून मोठा पुरावा तो कुठला? गुरुजींनी लगेच त्या ओळीचा फोटो काढला आणि सिद्धारामांना पाठवून दिला. वर लिहिलं, 'सत्यमेव जयते'.

फोटो पाठवल्यावर मी तो नीट बघितला. कागद धरताना गुरुजींचा अंगठा नेमका 'नॉन'वर पडला होता.

जळकोटहून काहीच उत्तर आलं नाही. आता सगळं संपलं असं धरून आम्ही चाललो होतो. अशा एका रविवारी सकाळी दारात जीप थांबली. आधी सिद्धाराम उतरले, मग गौरीशंकर उतरला, आणि मग दोघांनी हात देऊन एका काठीवाल्या म्हाताऱ्या बाईंना उतरवलं. या गौरीशंकरच्या आजी गंगम्मा. जळकोटच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, हे आम्ही ऐकून होतो.

"फोटो बगून म्या म्हणलं, सोताच जाऊन बगते," त्या आत येता येता म्हणाल्या. "माजा धाकटा दीर बसायचा. त्याच्या बायकोचं काय झालं ते म्या या डोळ्यांनी बगितलंय. पर गौऱ्यानं तीन दिस झाले तोंडात अन्न धरलं न्हाय. म्हणून आले."

स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या. पोरीनं ऐकलं होतं.

मी पाया पडायला वाकलो. गंगम्मांनी माझी हनुवटी धरली, आपल्या नाकाजवळ ओढली आणि हुंगलं. "इभूत," माझ्या कपाळावरच्या भस्माचा वास घेत त्या म्हणाल्या. मग पुन्हा हुंगलं. "आन् लवंग. लवंग कशापायी? वास झाकाया?"

"दाढ दुखते," मी म्हटलं. ते खरं होतं, पण खोटं बोलल्यासारखं निघालं. सिद्धारामांनी खोकून छताकडं बघितलं.

"कुंदर्री," गंगम्मा सतरंजीवर हात थोपटत म्हणाल्या. म्हणजे बसा. जळकोटकडं बोलण्यात मधूनच कानडी येतं आणि आम्हालाही ते कळतं. पण त्या शब्दाचा मी इतका धसका घेतला होता की एकदम ओरडलो, "नाही! मी बसत नाही! अजिबात बसत नाही!"

"अवं, बसा की," सिद्धाराम म्हणाले.

"पोरीची शपथ, बसत नाही."

पाहुणे खाली बसलेले आणि यजमान भिंतीला पाठ लावून ताठ उभा. महानंदानं चुरमुऱ्यांच्या सुशील्याच्या बशा आणल्या, पण पाहुणे मानेनं वर माझ्याकडं बघत बशी धरून राहिले. उभ्या माणसासमोर खायचं कसं? गौरीशंकर बिचारा तर दोनदा बसला आणि दोनदा उठला. शेवटी गंगम्मांनी काठी आपटली. "घरधनी हुबा असला तर बैठक व्हायची कशी? बसा म्हणते ना!"

मी बसलो. चोरट्यासारखा, सतरंजीच्या कडेला. गंगम्मांनी चौकशी चालवली. गोत्र, मठ, पोरीचं शिक्षण, माझ्या सवयी. सवयींपाशी आल्या की त्या पुन्हा पुन्हा त्याच जागी यायच्या, आणि मी काही बोललो की त्याचा दुसराच अर्थ निघेल म्हणून मी नुसता घाम पुसत होतो. 'मोबाईल बघायचा नाद' असं मी सांगून पाहिलं. "नाद कबूल हाय तर," त्या म्हणाल्या. त्या काठी टेकून उठायच्या बेतात आल्या. पोरीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत उठून चाललं होतं.

आणि तेवढ्यात चौकातून भोंगा वाजला.

"शंभुलिंग बसले आहेत. त्यांना उठवा."

पाठोपाठ शिवप्रियाच्या मोबाईलमधून, मग महानंदाच्या कमरेतून तेच वाक्य. गंगम्मा जागच्या जागी थिजल्या. दार धाडकन उघडलं आणि भुतासारखा पांढरा बजरंग आत आला. पाहुणे आहेत की कोण, त्यानं बघितलंसुद्धा नाही. मागून गुरुजी काठी टेकत. "उठा, उठा अण्णा! सकाळी सकाळीच बसलात?" दोघांनी माझ्या काखेत हात घातले आणि मला सतरंजीवरून उभं केलं. उभं करून बजरंगनं माझे खांदे झटकले, त्यानं मीही पांढरा झालो. मग त्याला पाहुणे दिसले. "आरं, मामा! बगितलं न्हवं? असंच उठवावं लागतंय रोज."

गंगम्मांनी एकदा सतरंजीवरच्या माझ्या रिकाम्या जागेकडं बघितलं, एकदा महानंदाच्या कमरेकडं. "असं बसणं व्हय!" त्या म्हणाल्या. "बूड टेकून बसणं?"

"दुसरं कसलं असतं, आज्जी?" गुरुजींनी निरागसपणे विचारलं.

मग त्या हसल्या. अशा हसल्या की ठसका लागला, महानंदानं पाणी दिलं, पाणी पिऊन पुन्हा हसल्या. सिद्धारामांना काठीनं ढोसत म्हणाल्या, "बसतो म्हणून सांगत आलास, मुडद्या! बसतोच की त्यो!" आणि मला, "एळ्री पाहुणे, उठा उठा, बसू नगा, न्हायतर गल्ली यायची." स्वयंपाकघरात कुणीतरी हुंदका दिला आणि त्याचंच हसू झालं. आमची शिवप्रिया होती ती. त्या दुपारी ती माझ्या शेजारी बसून पोटभर जेवली.

निघताना सिद्धारामांनी मला जीपमागं ओढलं. "म्हंजे तुमी खरंच बसत न्हाय?" ते हळूच म्हणाले. "खरंच न्हाय," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्या म्हणलं, चला, एक सोबत झाली."

लग्न झालं, उन्हं तापायच्या आत. जंगमस्वामींनी मला हाताला धरून बसवलं तेव्हा मांडवात हशा पिकला, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. पोर जळकोटला गेली. जाताना तिनं सोबत्यांच्या यादीतून आपलं नाव काढलं नाही, उलट गौरीशंकरचं आणि मामांचं घातलं. त्यामुळं एकदा भर चौकात "सिद्धाराम बसले आहेत" अशी घोषणा झाली आणि ते कशा तऱ्हेनं बसले असतील यावर गिरणीत पैजा लागल्या.

पण शिवप्रियाचं नाव येईना. मी मोबाईल उघडायचो, विहिरी बघायला नाही, बाई काय बोलते ते ऐकायला. बजरंग झाला, गुरुजी झाले, मी तर रोजचाच. पोर मात्र बसतच नव्हती. फोनवर विचारलं की म्हणायची, "बरी आहे अप्पा, कामात आहे."

"पोरीला बसायला मिळत नाही," मी एका संध्याकाळी महानंदाला म्हटलं.

"नव्या नवरीला कुठलं मिळायलंय? पाहुणेरावळे, देवदेव, रांधा-वाढा. मला मिळालं व्हतं का?"

"मग तुला कधी मिळालं?"

"मिळंल तवा सांगते," ती म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली. मी तिचा मोबाईल दुकानात नेऊन तपासून आणल्याचं मला आठवलं. त्या दिवशी मी विहीर उघडली नाही.

पुढच्याच आठवड्यात, दिवेलागणीला, बाई म्हणाली, "शिवप्रिया बसल्या आहेत. त्यांना उठवा."

मी ओरडलोच. महानंदा पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. मी जळकोटला फोन लावला. गंगम्मांनीच उचलला. "व्हय, बसलीय," त्या म्हणाल्या. "माज्या पायाशी. कवाधरनं मला मोबाईलवर हिरीतला गाळ दावायलीय. बापावर गेलीय बगा. गौऱ्याचा फोन उठवा उठवा म्हणून बोंबलायलाय, म्या म्हणलं, खबरदार. कुणी उठवायचं न्हाय माज्या नातसुनंला."

मी हे महानंदाला सांगितलं. तिनं पिठाच्या हातांनीच डोळे पुसले आणि पलंगावर माझ्या शेजारी टेकली. "हिरी दावायलीय?" ती म्हणाली. मग पोर लहानपणी कशी होती ते निघालं, जळकोटच्या आज्जीचं निघालं, आमच्या लग्नातलं निघालं. ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. वेळ कसा गेला कळलं नाही.

चौकात भोंगा वाजला. "महानंदा बसल्या आहेत. त्यांना उठवा."

क्षणभर गिरणीसुद्धा थांबली. मग चपलांचा फटफटाट ऐकू आला. बजरंग, गुरुजी, दळणाला आलेल्या दोघी-तिघी, सगळे दाराशी. बजरंगचा चेहरा पिठाखालीही पडलेला दिसत होता. "वैनी बसल्या म्हणं? काय झालं? डागतरला बोलवू का?"

"काही झालं नाही," मी दारात आडवा उभा राहिलो. "बसली आहे. कुणी उठवायचं नाही."

आतून भाकरी करपल्याचा वास आला. महानंदा उठायला लागली. तिला मी हातानंच बस म्हटलं, आणि तव्यावरची भाकरी उलटायला आत गेलो.